खालच्या अंगाचे दगड

मोतीबाई : येवरी मोठी काठी, न् टोकाला काय? तर माझ्याच कोंबऱ्याचा पीस! सायेब, मासा काय येरा हाय?

दिनानाथ : वेडा नाही ना मोतीबाई, म्हणून तर एवढा खटाटोप. गांडूळ लावलं तर कोणीही मासा धरील.

मोतीबाई : मग लावा की गांडूल. घरवाली मासा शिजवनार का तुमचा खटाटोप शिजवनार?

वृंदा : आईसुद्धा हेच विचारते.

मोतीबाई : इचारनारच. न् काठी इलायती ना ही?

दिनानाथ : विलायती. आहे बांबूच, पण चिरून, तासून, परत एकमेकाला चिकटवलेला. आमच्या कारखान्याचा पेंबर्टनसाहेब जाताना देऊन गेला. देशाला स्वातंत्र्य मिळालं आणि मला काठी.

मोतीबाई : अख्खा बांबू चिरायचा न् परत चिकटवायचा? म्हनून गेलं त्यांचं राज्य. चला, माझ्या म्हशी लांब गेल्या. गावला तर हाक मारा. बघाया येन.

दिनानाथ : बदलापूरला आलो की ही बाई दर रविवारी माझा असा पाणउतारा करते आणि पीस मात्र जपून आणून देते. कोंबड्याच्या मानेचं, तांबूस, मला हवं तस्सं.

वृंदा : बाबा, सावली पडतेय तुमची पाण्यावर.

दिनानाथ : कोण शिकवतंय कोणाला!

वृंदा : पडतेय म्हणून सांगितलं. डावीकडे सरका.

दिनानाथ : सरकलो. गळावरची ही पिसाची माशी नीट बघितलीस का? काल रात्री बांधली. निर्वासितांच्या कॅम्प तीनमधल्या टेलरकडून रेशीम आणलं खास. तो विचारतो, साहब, इतने से धागे में किसका ब्लाउज सिलवाओगे? म्हटलं, मच्छी का.

वृंदा : पोट जरा जाड झालंय.

दिनानाथ : टेलरचं?

वृंदा : माशीचं. ज्या किड्याची ही नक्कल, ती इथली तिशेपटी सडपातळ असते. ही बघा, दगडाला चिकटलीय. थांबा, अशी आडवी धरते. दिसले कल्ले? पोटाच्या दोन्ही अंगांना. पानासारखे हलतात.

दिनानाथ : हं. दोन वेढे कमी द्यायला हवे होते रेशमाचे.

वृंदा : शाळेत परवा एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्हाला किड्यांची आवड कुठून लागली? एवढ्या घाण गोष्टीची? मी म्हटलं, आमच्या आईच्या चहाच्या बशीतून.

दिनानाथ : ती बशी ती अजून वेगळी ठेवते. मोलकरणीलासुद्धा चहा देत नाही तीत.

वृंदा : देणार कशी? ऐन स्वयंपाकघरात माशाचं पोट फाडून पोटातला सगळा राडा बशीत ओतलात तुम्ही. वर पाणी घातलंत. आई म्हणाली, आता हे जेवणार आहात का?

दिनानाथ : करतो काय? पेंबर्टनच्या डबीतल्या माश्या पाण्यात टाकून टाकून हात दुखले होते. इतक्या सुरेख! एकेक दागिनाच. पण एक मासा ढुंकून बघेना. मी सगळ्यांना सांगत फिरायचो, इथल्या माशांना इंग्रजी येत नाही.

वृंदा : काकांना तर तुम्ही शपथेवर सांगितलं होतंत.

दिनानाथ : श्यामला काय, काहीही पटतं. पण खरी गोष्ट काय होती? त्या माश्या म्हणजे विलायतेतल्या नदीवरच्या किड्यांच्या नकला. या उल्हास नदीच्या खडस माशानं काय, त्याच्या बापानंही तसला किडा पाहिलेला नव्हता. मग म्हटलं, बाबा रे, तू खातोस तरी काय ते तुझ्याच पोटात बघतो.

वृंदा : आणि मला हाक मारलीत. भिंग दिलंत हातात.

दिनानाथ : आधी नाक दाबलंस. मग भिंग सोडीचनास.

वृंदा : काळे ठिपके होते नुसते. पाणी घातल्यावर उलगडले. पाय दिसायला लागले, मग शेपटीचे तीन धागे. मला वाटलं होतं मासे शेवाळं खातात.

दिनानाथ : आणि तू मला विचारलंस, हे राहतात कुठे? एवढी बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला मी, मला सांगता येईना. आयुष्यभर कारखान्याच्या लॅबोरेटरीत पाण्याचं पृथक्करण केलं. त्यात राहतं कोण, हे कधी मनातच आलं नव्हतं.

वृंदा : आता बघा तुम्ही. मासा लागला तरी आधी त्याचं पोट चाचपता.

दिनानाथ : उलटंच झालंय सगळं. मासे धरता यावेत म्हणून किडे शिकलो. आता किडे बघता यावेत म्हणून मासे धरतो. तुझ्या आईला हे सांगू नकोस.

वृंदा : तिला माहीत आहे. बाबा, हा बघा, गवंडी किडा. अंगाभोवती केवढं घर बांधलंय! सगळी वाळू एका मापाची निवडून घेतलीय. दाराशी तेवढा एक पांढरा खडा.

दिनानाथ : तोरण लावलंय. घरभरणी असेल.

वृंदा : पहिला गवंडी तुम्ही मला दाखवलात तेव्हा मी तो खडा समजून फेकून देत होते.

दिनानाथ : मी हात धरला तुझा.

वृंदा : आपल्या अंबरनाथच्या वालधुनी नदीवर. देवळामागे.

दिनानाथ : वारा फिरला बघ. आता दोर उलटा येणार.

वृंदा : मुलींना तिथेच नेलं होतं परवा.

दिनानाथ : कुठे?

वृंदा : वालधुनीवर. दगड उलटायला. तुम्ही मला नेलं होतंत तसंच.

दिनानाथ : शाळा सोडून?

वृंदा : शास्त्राचाच तास होता. दगडांखाली काही नव्हतं, बाबा.

दिनानाथ : चपटे दगड घ्यायला हवेत. वाहत्या पाण्यातले.

वृंदा : चपटेच घेतले. वाहत्या पाण्यातलेच.

दिनानाथ : मग हंगाम नसेल.

वृंदा : हंगाम नाही? माझ्या मनगटावर चालतायत बघा तिशेपट्या.

दिनानाथ : मुलींनी धांगडधिंगा केला असेल. किडे पळतात.

वृंदा : मग मी त्यांना वरच्या अंगाला नेलं. तुमच्या कारखान्याचं पाणी नदीत सोडणाऱ्या पाइपाच्या वर. तिथे पहिल्याच दगडाखाली सापडले. मुली एवढ्या किंचाळल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. बाबा, पाइपाच्या वर आहेत. पाइपाच्या खाली नाहीत.

दिनानाथ : हळू बोल. मासा लागलाय.

वृंदा : मासा नाही लागलेला.

दिनानाथ : दोर ताणलाय बघ ना.

वृंदा : दगडात अडकलाय.

दिनानाथ : हो की. अडकलाय खरा.

वृंदा : मी सोडवून येते.

दिनानाथ : नको, तुझं लुगडं भिजेल. मीच जातो.

वृंदा : बाबा, तो पाइप—

दिनानाथ : वृंदा. आज रविवार आहे ना?

वृंदा : हो.

दिनानाथ : मग आज नको. पुढच्या वेळी बोलू. डब्यात काय दिलंय आईनं?

वृंदा : थालीपीठ. आणि लिंबाचं लोणचं.

दिनानाथ : आण. आणि तो गवंडी ठेव परत. त्याच्याच दगडाखाली हं, शेजाऱ्याच्या नको.

वृंदा : माहीत आहे मला.

(अंबरनाथ. शिवमंदिरामागे वालधुनीचा काठ. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, कारखान्यातून घरी परतल्यावर, दिनानाथ हृदयविकाराने गेले. आज त्यांचा दहावा. वृंदाची आई कुंदा आणि दिनानाथांचे धाकटे भाऊ श्यामकांत.)

श्यामकांत : वृंदे, तमाशा नको. कलश दे माझ्याकडे.

वृंदा : तमाशा कुठे करतेय, काका? मी नुसती बसलेय.

श्यामकांत : अस्थींचा कलश मांडीवर घेऊन! तो पेरूच्या झाडावरून सोडवायला सांगितला कोणी तुला? मधूचं काम ते. मुलगा आहे ना दादाला?

वृंदा : मधू गुरुजींना आणायला गेलाय. दोरीची गाठ त्याला सुटेना. मी सोडवली.

श्यामकांत : आणि वहिनी, तुम्हीसुद्धा? आपल्यात बायका येतात का दहाव्याला नदीवर?

कुंदा : येत नाहीत. आज आले. आता हाकलणार का, भाऊजी?

श्यामकांत : तसं नव्हे हो. मॅनेजरसाहेब येतायत. स्वतः, मोटार घेऊन. सगळं रीतीनं झालेलं बरं. मी त्याच कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. उद्या तिथेच तोंड दाखवायचंय मला.

वृंदा : रीतीनंच होऊ दे. पिंड इथे ठेवा, मंत्र इथे म्हणा, साहेबांनी हार आणला तर तोही घ्या. फक्त अस्थी इथे सोडायच्या नाहीत. त्या बदलापूरला जातील. उल्हासमध्ये.

श्यामकांत : का पण? इथे काय वाईट आहे? शंकराच्या पायाशी वाहतेय. तुझ्या आजोबांच्या, अण्णांच्या अस्थी इथेच सोडल्या, आजीच्या इथेच. दादानं स्वतःच्या हातानं सोडल्या.

वृंदा : तेव्हा नदी जिवंत होती.

श्यामकांत : आणि आता मेली? डोळे उघडून बघ जरा पाण्याकडे! तळ दिसतोय. एवढं नितळ पाणी पाहिलं होतंस इथे कधी?

वृंदा : लहानपणी पाहिलं होतं. हल्ली नाही. मागच्या आठवड्यात जांभळं होतं.

श्यामकांत : ही साहेबांची मेहेरबानी. कालपासून पाइप बंद ठेवायला लावलाय त्यांनी. म्हणाले, दिनानाथरावांचं कार्य आहे, पाणी स्वच्छ पाहिजे. दुसऱ्या कोणासाठी केलं असतं? एवढा मान आहे दादाला.

वृंदा : म्हणजे साहेबांना माहीत आहे.

श्यामकांत : काय माहीत आहे?

वृंदा : पाइप चालू असला की पाणी स्वच्छ नसतं, हे.

श्यामकांत : तुझ्याशी बोलायचं म्हणजे कोर्टात उभं राहायचं! अगं, कारखाना म्हटला की थोडंफार होतंच.

वृंदा : खाली कॅम्पातल्या बायकांना विचारा थोडंफार म्हणजे किती. कारखान्यात आज कुठला रंग निघालाय, ते त्यांना धुणं वाळत घातलं की कळतं.

कुंदा : पण वृंदा, आज दिसतंय तर खरं चांगलं. एका दिवसात एवढं नितळ होतं?

वृंदा : पाणी होतं, आई. पाण्याचं काय, ते पुढे निघून जातं. दगड जात नाहीत. दगडाखाली जे राहत होतं ते काही साहेबांनी एक दिवस पाइप बंद केला म्हणून परत येत नाही.

श्यामकांत : आले किडे! मी वाटच बघत होतो. लोक पाण्यात किडे पडले म्हणून ओरडतात, ही किडे नाहीत म्हणून ओरडते. वहिनी, तुम्हीच सांगा, किड्याचं पाणी चांगलं की बिनकिड्याचं?

कुंदा : मला वाटायचं, बिनकिड्याचं.

वृंदा : डबक्यात पडतात ते वेगळे. हे वाहत्या पाण्यातले नाजूक असतात, काका. त्यांना हवा लागते ती पाण्यातलीच. त्यात काही मिसळलं की माशाच्या आधी ते मरतात. आपल्याला रंग दिसेल, वास येईल, तोवर ते संपलेले असतात. ते आहेत म्हणजे पाणी धड आहे. एवढी साधी गोष्ट.

श्यामकांत : साधी म्हणे! दादानंच डोकं फिरवलं तुझं. बोटभर पिसाच्या माश्या बांधायचा, आणि तू बसायचीस त्याच्याजवळ दिव्यावरच्या पतंगासारखी.

वृंदा : बरं, माझं डोकं फिरलंय. तुमचं तर ठिकाणावर आहे? मग एक करा. एक दगड उलटा. तुम्हाला हवा तो, तुम्हाला हवे तेवढे. आणि मला एक जिवंत किडा दाखवा. एकच. कलश तुमच्या हातात देते आणि साहेबांना वाकून नमस्कारही करते.

श्यामकांत : दहाव्याच्या दिवशी मी नदीत दगड उलटत बसू?

कुंदा : उलटा, भाऊजी.

श्यामकांत : वहिनी!

कुंदा : गुरुजी यायचेत अजून. धोतर वर खोचा, पाय घसरेल.

श्यामकांत : बघणाऱ्यांनी काय म्हणावं! ठीक आहे. उलटतो. मग मात्र एक शब्द ऐकून घेणार नाही मी. हा घ्या. हा उलटला.

वृंदा : काय आहे?

श्यामकांत : चिखल आहे.

वृंदा : कडेचा घेतलात. मधला घ्या, चपटा. पाणी खळखळतंय तिथला.

श्यामकांत : शिकव मला! याच पाण्यात पोहायला शिकलोय मी. हा बघ, चपटा. याच्या बुडाला काहीतरी लागतंय, बुळबुळीत.

वृंदा : शेवाळं हिरवं असतं. हिरवं आहे का?

श्यामकांत : नाही. करडं आहे. राखुंडीसारखं. राहू दे, दुसरा बघतो. हाही तसलाच. थांब, थांब! हलतोय! हा बघ, वृंदे! वहिनी, तुम्हीही बघा, चांगला वळवळतोय! झालं? मिटलं?

वृंदा : आणा इकडे. हातावर घ्या. काका, सुताचा धागा आहे.

श्यामकांत : हलत होता.

वृंदा : पाण्यानं हलत होता. आता हलतोय का?

कुंदा : पलीकडचा बघा भाऊजी, तो मोठा. काळा.

श्यामकांत : तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूनं आहात, वहिनी?

कुंदा : मला कळू दे एकदा. घरात नुसतं ऐकत आले इतकी वर्षं.

श्यामकांत : हा काळा. काही नाही. हा त्याच्या शेजारचा. हा बघा, हाही कोराच. हात लागेल तो दगड असा, पुसून ठेवल्यासारखा. अरे, ही कपार! ही अजून आहे? वहिनी, या कपारीत खेकडे असायचे. हे एवढाले. दादा आधी आपला हात घालायचा, मग मला घालायला लावायचा. नांगी लागली की मी भोकाड पसरायचो, तो हसायचा.

वृंदा : घाला हात.

श्यामकांत : नको.

वृंदा : का?

श्यामकांत : नको म्हटलं ना.

वृंदा : नांगीची भीती वाटते अजून?

श्यामकांत : लागली नाही तर?

कुंदा : या भाऊजी. या वर.

श्यामकांत : बोटं चुरचुरतायत. तांब्यातलं पाणी द्या जरा. घरच्या विहिरीचं आहे ना?

कुंदा : घरच्याच. धरा हात.

श्यामकांत : पायांखालून जाते ही नदी माझ्या. रोज पुलावरून कामाला जातो. कधी खाली वाकून बघितलं नाही.

वृंदा : आता बघितलंत.

श्यामकांत : बघितलं. म्हणून काय झालं? आता माझं ऐक. साहेबांनी मधूला लॅबोरेटरीत घ्यायचं कबूल केलंय. तोंडी कबूल केलंय, तोंडीच मोडता येईल. ते येणार, विचारणार, अस्थी कुठे? आणि तू सांगणार, तुमचं पाणी मेलंय. मग?

वृंदा : मधूला नोकरी हवी आहे. मी त्याला अडवलेलं नाही.

श्यामकांत : तू तोंड उघडलंस की अडवलंसच.

कुंदा : भाऊजी, नोकरी पोराला देतायत की अस्थींना?

श्यामकांत : तुम्हाला कळत नाही, वहिनी. हे पाइपाचं प्रकरण कोणाच्या अंगावर जाईल ते तुम्हाला ठाऊक नाही. ही आपली पाइप, पाइप करत सुटलीय. विचारा ना तिला, कोणी आखला तो पाइप? कुठून काढायचा, कुठे सोडायचा, कोणी सांगितलं? मॅनेजरला यातलं काय कळतं? दादानं आखला! दादा म्हणाला, नदीचं पाणी मुबलक आहे, वाहून जाईल.

वृंदा : माहीत आहे मला.

श्यामकांत : माहीत आहे? आणि तरी?

वृंदा : म्हणूनच.

श्यामकांत : वहिनी, माफ करा. आजच्या दिवशी मला हे बोलायचं नव्हतं.

कुंदा : मलाही माहीत होतं.

वृंदा : तुला? तुला कोणी सांगितलं?

कुंदा : कोणी कशाला सांगायला हवं? पाइप झाला त्या सालापासून ते माशाची पिशवी माझ्या हातात देताना म्हणायचे, बदलापूरचा आहे हं. दर वेळी. मी एकदाही विचारलं नव्हतं, कुठला म्हणून.

श्यामकांत : त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं काय वेगळं केलं असतं? पेंबर्टन गेला, नवे मालक आले. त्यांना घाई होती. दादा नाही म्हणाला असता, तर दुसऱ्यानं आखला असता पाइप.

वृंदा : असता. मग मला त्या दुसऱ्याचा राग आला असता.

श्यामकांत : बापाचा राग करतेस?

वृंदा : दुसऱ्या कोणाला त्या पाण्यात कोण राहतं हे ठाऊक नव्हतं, काका. बाबांना ठाऊक होतं.

श्यामकांत : असेल ठाऊक. पण दोन पोरं होती पदरात. मी होतो, माझी नोकरी त्यानंच लावलेली. माणूस करतो काय? रविवारी बदलापूरला जाऊन बसायचा, तेवढंच त्याच्या हातात होतं.

कुंदा : मधूला टांगा घेऊन यायला सांगायचं, गुरुजींना सोडलं की. बदलापूरला जायला.

श्यामकांत : वहिनी, विचार करा.

कुंदा : केला. मला तुमचे किडे कळत नाहीत, पाइपही कळत नाही. पण इथे तुम्ही इतके दगड उलटलेत, एक जीव राहत नाही. अशा ठिकाणी यांना एकट्याला सोडून मी घरी जाऊ?

श्यामकांत : आणि साहेबांना काय सांगू?

कुंदा : सांगा, बायको हट्टी आहे, ऐकत नाही. तेवढं त्यांना समजेल.

श्यामकांत : मधूची नोकरी गेली तर माझ्याकडे बोट दाखवायचं नाही.

कुंदा : नाही दाखवणार. बोटाला अजून चुरचुरतंय का? तेल लावा घरी गेल्यावर. वृंदा, ऊठ. सावलीत बसू गुरुजी येईपर्यंत.

वृंदा : थांब, आई.

कुंदा : काय गं?

वृंदा : तू जा पुढे. मला जरा बसायचंय.

कुंदा : काहीतरी आहे तुझ्या मनात. बदलापूरहून आलीस त्या दिवसापासून बघतेय. ते गेले तेव्हा सगळे रडले, तू दात आवळून होतीस.

श्यामकांत : गेलेल्या माणसावर राग धरू नये, वृंदे. त्याची वाट अडते.

वृंदा : मी धरलेला नाही, काका. धरलेला असता तर सोडून दिला असता.

कुंदा : मग बोलून टाक. त्यांच्याशीच बोल. इथेच. तिकडच्या चांगल्या पाण्यात मनातलं ते नको न्यायला.

श्यामकांत : आता नको! वृंदे, मोटार आली बघ पुलावर. साहेब उतरतायत. नंतर बोल काय ते.

वृंदा : उतरू द्या. हळू बोलायची सवय मोडायचीच आहे मला.

श्यामकांत : वहिनी, आवरा हिला!

कुंदा : तुम्ही साहेबांना सामोरे जा, भाऊजी. बोल गं तू.

वृंदा : बाबा, तुम्हाला माहीत होतं. पाण्यात काय जाणार ते माहीत होतं, आणि त्यानं आधी कोण मरणार तेही. माझ्याहून चांगलं माहीत होतं. रविवारी मी विचारायला हवं होतं. मी थालीपीठ आणायला उठले. आता विचारत नाही, सांगते. तेरावा झाला की सोमवारी शाळा आहे. मी मुलींना इथे आणणार आहे. वरच्या अंगाचे दगड दाखवीन, खालच्या अंगाचेही दाखवीन. शाळेनं नको म्हटलं तर शाळा सुटल्यावर आणीन. पाइप कोणी आखला असं त्यांनी विचारलं, तर तुमचं नाव सांगेन. आणि बाई, तुम्हाला हे बघायला कोणी शिकवलं असं विचारलं, तरी तुमचंच सांगेन.